न विचारलेल्या दोन खेपा

"बाई, अर्धी शिक्षा तो भोगेल, अर्धी मी भोगतो. असं काही करता येतं का?"

राजोडीचा एक मध्यमवयीन माणूस माझ्या टेबलासमोर बसून हे विचारत होता. त्याच्या धाकट्या भावाला गर्दच्या पुड्यांसकट पकडलं होतं आणि शिक्षा झाली होती. थोरल्याचा धंदा किनाऱ्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या देण्याचा. पावसाळ्यात खोल्या रिकाम्याच असतात, तेवढे महिने दरवर्षी मी आत जाऊन बसतो, धाकटा बाहेर येऊन बायकापोरांकडे बघेल, असा त्याचा बेत होता. मी आधी हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं, कारण गडी थट्टा करत नव्हता. तसं करता येत नाही हे त्याला समजावताना मलाच वाईट वाटलं.

दुसरे एक गृहस्थ विरारच्या टॉवरमधले. मुलगा कॉलेजात शिकता शिकता गोळ्या विकायला लागला आणि आत गेला. वडील म्हणाले, "मॅडम, पेपर रिचेकिंगला टाकतात तसं टाका की. कमी झाली तर झाली, नाहीतर आहे तेवढी आहेच." मी म्हटलं, "साहेब, इथे रिचेकिंगमध्ये वाढतेसुद्धा. वरच्या कोर्टाला वाटलं शिक्षा कमी झालीय, तर ते उलट आपल्यालाच विचारतं, का वाढवू नये ते सांगा." गृहस्थांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. अपील म्हटलं की लोकांना वाटतं, वर गेलं की काहीतरी पदरात पडणारच. कधी कधी होतं तेही जातं.

मी भुईगावची. बाप केळी आणि पानवेलींचा बागायतदार. मी वकिलीची सनद घेऊन आले तेव्हा चर्चच्या पायरीवर बायकांनी मला घेरून विचारलं होतं, "म्हणजे तू आता चोरांच्या बाजूने बोलनार?" मी तोऱ्यात म्हटलं, "हो, चोरांच्याच. साव माणसं वकिलाकडे येतात कुठे?" तेव्हा जीभ फार चालायची. अजूनही चालते, फक्त गुडघे चालत नाहीत, म्हणून कोर्ट सोडलं. पण सगळी वकिली संपवून मागे वळून पाहते तेव्हा मला माझे युक्तिवाद आठवत नाहीत. नरेश भोईर आठवतो. चांदीपचा. त्या माणसापुढे मी थक्क झाले ती झालेच, आजही तशीच आहे.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका, चटकन उरकते.

अमली पदार्थांच्या खटल्यात अपील दोन तऱ्हांचं असतं. एक, "मी केलंच नाही." दुसरं, "केलं, पण शिक्षा फार झाली." पहिल्या अपिलाला रुबाब असतो. पंचनाम्यातल्या चुका काढायच्या, साक्षीदाराची उलटसुलट जबानी वाचून दाखवायची, टेबलावर हात आपटायचा. दुसऱ्या अपिलात हात आपटायला काही नसतंच. गुन्हा मान्य आहे म्हटल्यावर उरतं काय? एका माणसाच्या आयुष्यातली किती वर्षं घेणं रास्त आहे, एवढंच. हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. तो विचारताना माझी जीभ दर वेळी जड व्हायची. वीसेक पानांचा कागद पुढे ठेवून आपण म्हणतो, आठ नको, पाच द्या. आणि एक माणूस पेन हातात घेऊन ते ठरवतो. कुणाची पोरगी तेवढ्यात शाळा संपवते, कुणाची आई तेवढ्यात जाते.

गांजाचंच घ्या. किलोच्या आत असला तर थोडा. वीस किलोच्या वर गेला की व्यापारी माप, तिथे दहा वर्षांच्या खाली यायची मुभा न्यायाधीशालाही नाही. मधल्या मापात जास्तीत जास्त दहा, खाली हवं तितकं. म्हणजे सगळं न्यायाधीशाच्या तारतम्यावर. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बाकीच्या कैद्यांना चांगल्या वागणुकीबद्दल माफीचे दिवस मिळतात, या कायद्यात ते मिळत नाहीत. आठ म्हणजे आठ. तुरुंगात तुम्ही कितीही गुणी वागा, कितीही बागा फुलवा. कमी होणार तर अपिलातच.

सुनंदा पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिने हे सगळं एका दमात ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हनजे तुमच्या हातात हाय."

"माझ्या हातात काही नाही गं बाई," मी म्हटलं. "मी फक्त मागणार."

सुनंदा म्हणजे नरेशची बायको. तिशीची असेल. चांदीपहून शिरसाड फाट्यापर्यंत रिक्षाने, तिथून बसने, अशी दोन पोरींना शेजारणीकडे ठेवून यायची. बोलणं तोडून टाकल्यासारखं. नरेशकडे एक जुना टेम्पो होता. पूर्वेकडच्या गावांतला भाताचा पेंढा भरून तो नालासोपाऱ्याकडच्या म्हशींच्या तबेल्यांना पोचवायचा. टेम्पोचं इंजिन बसलं, ते उसनवारीने दुरुस्त केलं, पण तोवर धंदा बसला, आणि हायवेवरच्या ढाब्यावर कुणीतरी त्याला म्हणालं, पेंढ्यात एक पिशवी ठेव, तबेल्यापाशी माणूस घेऊन जाईल. पिशवीत काय आहे हे नरेशला माहीत होतं. मुद्दाम सांगते, कारण वाचणाऱ्याला वाटेल बिचारा फसला. फसला नव्हता. नाकाबंदीत पेंढा उचकला गेला, चार-पाच किलो गांजा निघाला. मधलं माप.

जामीन झाला नाही. वर्षभराने खटला उभा राहिला. पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, गुन्हा कबूल आहे का? शंभरातले नव्वद जण नाही म्हणतात. नरेश म्हणाला, कबूल. न्यायाधीशांनी त्याला नीट समजावलं, विचार करायला वेळ दिला, पुढच्या तारखेला पुन्हा विचारलं. कबूल. मग कायद्याने शिक्षेआधी एक प्रश्न विचारावा लागतो: शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? हा प्रश्न आरोपीच्या भल्यासाठी असतो. इथे म्हणायचं, साहेब, गरीब आहे, पोरी लहान आहेत, पहिलीच चूक आहे, दया करा. सरकारने दिलेल्या वकिलाने त्याला हे आधी पढवलंही होतं.

नरेश उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ही तिसरी खेप व्हती. ह्याच्या आधी दोन नेल्यात."

बस्स. कागदावर एवढंच आहे. त्याच्या वकिलाने त्याचा सदरा मागून ओढला म्हणे, पण बोलून झालं होतं. निकालात लिहिलं गेलं, आरोपी स्वतःच्या तोंडाने सराईत असल्याचं सांगतो, सबब दयेस पात्र नाही. आठ वर्षं.

हे सांगून सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "त्याला भेटायला जातेस ना? काय म्हणतो?"

"नाय जात."

"का?"

"पैल्या दोन खेपा मना पन ठाऊक नव्हत्या, बाई. कोर्टात भिंतीला टेकून उभी व्हती, तिथं ऐकल्या. बायकोला नाय सांगितला. जजला सांगितला." तिने पदराने ओठ पुसले. "मी त्याच्याशी बोलत नाय. त्या दिवसापासना नाय."

"मग हे अपील कशाला?"

"पोरी इचारतात ना. त्यांना कोन सांगनार?"

मी वकीलपत्र घेतलं. खरं सांगते, मला वाटलं काम सोपं आहे. गुन्हा कबूल केलेल्या माणसाला वर जाऊन "मी केलंच नाही" म्हणता येत नाही. अपील फक्त शिक्षेपुरतं. मी ठरवून टाकलं, नरेशला सांगू, भांबावून बोललो असं म्हण. कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस, पाय लटपटतात, तोंडातून भलतंच निघून जातं, कुणालाही पटेल. दोन खेपांचा कुठे पंचनामा नाही, साक्षीदार नाही. त्याने शब्द मागे घेतला की सराईतपणा गेला आणि आठाचे चार-पाच झालेच समजा.

अशा तयारीने मी तुरुंगात मुलाखतीला गेले. जाळीपलीकडे एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. हात भल्यामोठ्या पंजांचे, ते कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. मी पढवायला लागले. तो मान डोलवत राहिला. मला वाटलं, पटलं. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही बोलताव ते बरोबर. पन तसा नाय बोलता येनार."

"का नाही येणार?"

"एकदा पोट रिकामा केला. आता परत कसा भरू?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे शहाण्या, कोर्टाने तुला पोट रिकामं करायला सांगितलं होतं का? तुला फक्त काही सांगायचंय का म्हणून विचारलं होतं!"

"हां, तेच ना," तो म्हणाला. "गावकीत पन तसाच इचारतात."

आणि मग त्या जाळीतून त्याने मला त्याच्या गावकीची रीत सांगितली. गावातल्या कुणाच्या हातून काही वावगं झालं की देवळापुढे सगळे बसतात. ज्याने केलं त्याने मध्ये उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. सांगून झालं की म्हातारा पंच विचारतो, अजून काही? माणूस आणखी सांगतो. पुन्हा तोच प्रश्न. ज्याचा आळही आला नव्हता, जे कुणाला ठाऊकही नव्हतं, तेही काढायचं. आतलं संपलं की तो म्हणतो, आता नाही. मग गावकी दंड सांगते. दंड भरला की त्याच्याच हातचं पाणी सगळे पितात. त्यानंतर ती गोष्ट गावात कुणी काढायची नाही, भांडणातसुद्धा नाही. पण एकही गोष्ट लपवून ठेवली असेल, तर आधीचं सगळं सांगणं फुकट.

जजसाहेब उंचावर बसलेत, सगळे गप्प बसलेत, आपण मध्ये उभे आहोत आणि साहेब विचारतात, काही सांगायचंय? नरेशला वाटलं, हीच ती वेळ. त्याच्या लेखी कोर्ट म्हणजे मोठी गावकी. आणि मोठ्या गावकीला कमी सांगून कसं चालेल?

मी परतले ती चिडूनच. वसईच्या वाटेवर मनात त्याला शंभर शिव्या घातल्या. तत्त्व तुझं आणि भोगायचं त्या पोरींनी! पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये कुमसाराला गेले. आमच्यात फादरपुढे जाऊन पापं कबूल करायची त्याला कुमसार म्हणतात. त्या रांगेत उभी राहून मी नेहमीप्रमाणे ठरवत होते, काय सांगायचं, काय गाळायचं, आणि कुठलं थोडं सौम्य करून सांगायचं. ठरवता ठरवता थांबले. लहानपणापासून मलाही तेच शिकवलं होतं की, एक लपवलंस तर बाकीचं फुकट. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि तो पेंढावाला, समोर काळा झगा घातलेला माणूस शिक्षेचा कागद घेऊन बसलेला असताना, सगळं सांगून मोकळा झाला. माझा नंबर आला तरी मी पुढे सरले नाही. फादरनी विचारलं, बरं वाटत नाही का?

मी अपील पुन्हा लिहायला घेतलं. दोन खेपा खोट्या आहेत असं एक अक्षर लिहिलं नाही. उलट लिहिलं, हे त्याने सांगितलं आणि खरं सांगितलं. पण ज्याचा आरोपच ठेवला नव्हता, जे कुणी शाबीत केलं नव्हतं, त्याची शिक्षा त्याला देता येते का? सोबतच्या वकिलांनी वाचून मला वेड्यात काढलं. एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही अशिलाचं अपील चालवताय की सरकारचं?"

हायकोर्टात अपील दाखल होणं आणि ऐकलं जाणं यांच्यामध्ये माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. सुनंदा महिन्याकाठी यायची, तारीख विचारायची, जायची. मधल्या काळात तिने शेत एकटीने केलं. पेंढा विकला तो दुसऱ्याच्या टेम्पोतून. आजूबाजूच्या जमिनी गोदामांना जात होत्या, तिला विचारणारे येत होते, ती हाकलून देत होती. मी दर वेळी म्हणायचे, एकदा जाऊन भेट गं त्याला. ती म्हणायची, "निरोप असंल तर सांगा." निरोपांची ने-आण मी करायचे. थोरलीचे दात पडले. धाकटी शाळेत जायला लागली. थोरली आता सायकल चालवते. असले निरोप मी जाळीतून सांगायचे तेव्हा तो माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघायचा. पंजे मांडीवर पालथे ठेवून बसायचा आणि म्हणायचा, "सायकल कोनी शिकवली?"

अपील ऐकायला निघालं तोवर त्याची चार वर्षं आत जाऊन झाली होती.

त्या दिवशी सुनंदा माझ्याबरोबर कोर्टात आली. मागच्या बाकावर, भिंतीकडेला बसली. मी बोलायला उभी राहिले आणि पाचव्या मिनिटाला कळलं की आज आपलं काही खरं नाही. सरकारी वकील तरुण, तयारीचा, आणि रास्त बोलणारा. तो म्हणाला, "माय लॉर्ड, बाई स्वतःच म्हणतात दोन खेपा खऱ्या आहेत. म्हणजे तीन वेळा विष पोचवलं. ते ज्या पोरांच्या नाकातोंडात गेलं त्यांनाही आईबाप आहेत. खालच्या कोर्टाने आठच दिली, दहा देता येत होती. शिक्षा का वाढवू नये, अशी नोटीस या कोर्टाने काढावी."

 टॉवरवाल्या गृहस्थांना मी जे ऐटीत समजावलं होतं, ते आता माझ्याच अशिलाच्या गळ्याशी आलं होतं. आणि त्या पोरगेल्या वकिलाचं चुकत काहीच नव्हतं.

न्यायमूर्ती वयस्कर होते. फारसं बोलत नसत. त्यांनी खालच्या कोर्टाचा कागद पुन्हा वाचला. चष्मा काढला. "बाई, मला एक सांगा. कुणी विचारलं नसताना हा माणूस असं का बोलला?"

मी गावकी सांगितली. पंच, अजून काही, पाणी, सगळं. कायद्याच्या एकाही कलमाचं नाव न घेता मी हायकोर्टात बोलले ते तेवढंच. सांगताना मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. न्यायमूर्ती म्हणाले, "त्यालाच विचारू. दुपारनंतर तुरुंगातून व्हिडिओने पडद्यावर घ्या."

मी सुनंदाला बाहेर घेऊन गेले. तिला म्हटलं, "तो पुन्हा तेच बोलला तर वाढतील. कळतंय ना?" तिने मान हलवली. "बोलंल तो," म्हणाली. "तुमी देवाला सांगा. मी पन सांगते." ती तिच्या देवाला, मी माझ्या. दोघींनी उभ्या उभ्याच सांगितलं.

दुपारी पडदा लागला. चित्र थोडं हललं, मग स्थिर झालं. नरेश खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. न्यायमूर्तींनी मराठीतच विचारलं, "तुम्ही आधीच्या दोन खेपांचं सांगितलंत, म्हणून तुम्हाला जास्त शिक्षा झाली. ठाऊक आहे?"

"व्हय, साहेब."

"आज सरकार म्हणतंय, ती आणखी वाढवा. मी वाढवू शकतो. हेही कळलं?"

"कळला."

"मग आता सांगा. त्या दोन खेपा झाल्या होत्या का?"

माझ्या मागे भिंतीकडेला सुनंदा बसली होती. मी वळून पाहिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

"झाल्या साहेब," नरेश म्हणाला. "केल्या ना मी. नाय कशा बोलू?"

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. "मग अपील कशाला केलंत? केलं म्हणता, शिक्षा झाली, भोगा."

हा प्रश्न मी त्याला पढवला नव्हता. पढवायचं सुचलंच नव्हतं.   त्याने आपले पंजे वर करून पाहिले, पुन्हा मांडीवर ठेवले.

"शिक्षा नको असा मी बोलत नाय, साहेब. द्या. पन पोरी मोठ्या व्हतात. त्या घरात हायत तवर मना एकदा घरी जाऊंद्या. मागाहून बाकीची भोगीन. परत बोलवा, मी येईन."

 सरकारी वकील उभा होता तो हळूच खाली बसला. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मी आयुष्यभर त्या खोल्यांमध्ये वावरले आहे. खोटं रडणारे पाहिले, खरं रडणारे पाहिले, शपथेवर थापा मारणारे तर रोजचेच. पण "परत बोलवा, मी येईन" असं म्हणणारा मी दुसरा पाहिला नाही. आणि त्या क्षणी कोर्टातल्या एकाही माणसाला शंका नव्हती की बोलावलं तर हा खरंच येईल.

न्यायमूर्तींनी निकाल सांगायला सुरुवात केली. लघुलेखिका टाइप करत होती. ते इंग्रजीत सांगत होते आणि मी मनातल्या मनात मराठी करत होते, सुनंदाला सांगायचं म्हणून. कायद्याने जो प्रश्न माणसाच्या भल्यासाठी विचारायला लावला आहे, त्याचं खरं उत्तर दिल्याबद्दल त्याला जास्त शिक्षा दिली, तर पुढे कोर्टात खरं कोण बोलेल? ज्याचा आरोप नाही त्याची शिक्षा नाही. जो एक गुन्हा शाबीत आहे, तो गंभीर आहे, आणि त्याची शिक्षा या माणसाने भोगलेली आहे. मग ते थांबले आणि शेवटचं वाक्य म्हणाले. भोगली तेवढी पुरे. सोडून द्या.

निम्मीच शिक्षा भोगून झाली होती. उरलेली सगळी वर्षं एका वाक्यात परत आली.  एक माणूस बोलतो, दुसरी टाइप करते, आणि दूर कुठेतरी एक दरवाजा उघडतो. माणसाच्या हाती एवढं द्यावं का, असं वाटून मला भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

नरेशला इंग्रजी कळलं नव्हतं. तो तसाच बसून होता, वाढली की काय अशा चेहऱ्याने. न्यायमूर्तींनी त्याला मराठीत सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, "म्हनजे कधी?" ते म्हणाले, "कागद पोचला की." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरचं कोणी आलंय का?"

मी मागे बोट दाखवलं.

"या, पुढे या," ते म्हणाले. सुनंदा उठली. चपला काढायला लागली, शिपायाने नको म्हटलं. ती माझ्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी वर्षं ज्याच्याशी ती एक शब्द बोलली नव्हती, तो समोर भिंतीएवढा मोठा दिसत होता. दोघंही बघत राहिले. न्यायमूर्ती कागदांत बघू लागले, पण पुढचं प्रकरण त्यांनी पुकारायला लावलं नाही.

"लई बारीक झालास," सुनंदा म्हणाली.

त्याने पंजे मांडीवरून उचलले.  मग एकदम म्हणाला, "सुनंदा, तुला मी त्या दोन खेपांचा..."

"हितं नको," ती म्हणाली. "घरी ये. मना सांग."